होमस्कूलिंग करताय? मग स्वतःसाठी कोर्स निवडायची घाई करू नका

दर पंधरा दिवसांनी मला एक तरी मेसेज येतोच, "ताई, मुलीला शाळेतून काढायचं म्हणतोय, तर आधी मी बीएड करू का?" किंवा मग "एमए एज्युकेशन केलं तर घरी शिकवायला बरं पडेल ना?" प्रत्येकाला तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

थोडक्यात सांगायचं तर घरी शिकवायला डिग्री लागत नाही. कायद्याने लागत नाही आणि खरं सांगायचं तर कामालाही लागत नाही, निदान पहिली दोनतीन वर्षं तरी. डिग्री नंतर, आणि तीसुद्धा तुमचं पोर जिथे अडलं तिथून शोधायची. हे उलट्या क्रमाने केलेले लोक मी बघितलेत, म्हणजे आधी कुठल्यातरी ऑनलाइन कोर्सला चाळीस हजार भरले आणि मग घरी शिकवायला बसल्यावर कळलं की त्यातलं काहीच कामाचं नाही.

माझी गोष्ट एवढीच की मी बीकॉम, एका पतसंस्थेत अकरा वर्षं नोकरी केली, नाशिकला राहते, आणि मुलगा दुसरी झाल्यावर त्याला शाळेतून काढला. आता त्याचं पाचवीचं वय आहे. का काढला ते फार लांबण लागेल, ते सोडून देते. शिक्षणातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, घरचे तर सोडाच, मी स्वतःच रात्री उठून विचार करायचे की आपण पोराचं वाटोळं तर करत नाही ना. सासूबाईंनी सहा महिने पाहुण्यांना "तो सध्या आजारी असतो" असंच सांगितलं!

आधी कागद

कंटाळवाणं आहे पण इथेच सगळे फसतात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण नाही घातलं तर पालकांना दंड किंवा शिक्षा असं काही त्यात लिहिलेलं नाही. होमस्कूलिंग चालतं असंही लिहिलेलं नाही आणि चालत नाही असंही नाही. मधल्यामध्ये लटकलेलं प्रकरण आहे ते, आणि हजारो लोक त्यातच मुलं वाढवतायत. एक अपवाद मात्र स्पष्ट आहे, २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्यातच दिलाय, तुमचं मूल त्यात बसत असेल तर तुमची बाजू एकदम पक्की.

शाळा सोडताना एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला घ्याच. आमच्या शाळेतल्या क्लार्कने मला चार चकरा मारायला लावल्या, "कुठल्या शाळेत जाणार ते लिहून द्या, त्याशिवाय एलसी निघत नाही." तिसऱ्या चकरेला मी रडकुंडीला आले होते. शेवटी लेखी अर्ज करून त्याच्या कॉपीवर पोच घेतली, कारण म्हणून "पुढील शिक्षण घरी व मुक्त विद्यालयातून" असं लिहिलं, आणि आठवड्यात दाखला हातात आला. तोंडी भांडत बसू नका. अर्ज, पोच, तारीख. पतसंस्थेत एवढं एक मी नीट शिकले होते.

दाखला, जन्माचा दाखला, आधार, जुनी प्रगतिपत्रकं एका फायलीत लावून ठेवा. ती फाइल का लागते तेही सांगते. आमच्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेवाल्या बाई आल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, भर उन्हात घरोघरी फिरत होत्या बिचाऱ्या. मुलगा दारातच उभा, दुपारी बारा वाजता, शाळेच्या दिवशी. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, फाइल दाखवली, त्याच्या वह्या दाखवल्या. त्यांनी वह्या उलटून पालटून बघितल्या, त्याच्याकडून एक धडा वाचून घेतला आणि जाताना मलाच म्हणाल्या की हे जोडाक्षरांचं कार्ड कुठे मिळालं, मला वर्गासाठी हवंय. सगळ्यांचा अनुभव असाच येईल असं नाही, पण फाइल नसती तर माझी बोबडी वळली असती.

आणि परतीचा रस्ता उघडा असतो हे लक्षात ठेवा. त्याच कायद्यात कलम ४ आहे, त्याप्रमाणे मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांनी वाटलं की नाही जमत तर पुन्हा पहिलीपासून सुरू करावं लागत नाही. हे कळल्यावर माझा नवरा पहिल्यांदा शांत झोपला असेल.

"दहावीचं काय" हा प्रश्न तर वॉचमनकाकांनीसुद्धा विचारलाय. बहुतेक लोक एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान घेतात. वय १४ पूर्ण लागतं, आठवीचा दाखला नसेल तर दहावीचा अभ्यास करण्याइतकी तयारी आहे असं स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालतं, पाच विषय लागतात आणि त्यातली एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा रजिस्टर झालं की पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. आम्ही तेच करणार आहोत, आधी दोन विषय, मग बाकीचे. फक्त बारावीचं सर्टिफिकेट दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर गेल्यावरच मिळतं, तेवढा हिशोब आधीच धरा. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या लेव्हलचीही परीक्षा देता येते. आणि आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहेच, स्टेट बोर्डाची दहावी बाहेरून द्यायची तर तो, पण त्याला शाळेचा दाखला लागतो, म्हणून म्हटलं एलसी सोडू नका.

ते मुंबईच्या मुलीचं उदाहरण पण सगळे देतात, दहावी-बारावी न करता २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली ती. खरं आहे ते. पण तिच्याकडे इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडची, म्हणजे कंप्युटर प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची, तीन मेडल्स होती हो, आणि बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आयआयटीचा रस्ता तिलाही बंदच होता. त्या भरवशावर सर्टिफिकेट सोडू नका.

घरी नेमकं काय करायचं

पहिले दोन महिने काहीच करू नका. सिरियसली. शाळा मुलाच्या अंगातून उतरायला वेळ लागतो, आणि तुमच्या अंगातून तर दुप्पट. मी पहिल्या सोमवारी सकाळी आठला टाइमटेबल भिंतीला लावलं होतं, रंगीत, लॅमिनेट केलेलं, पस्तीस मिनिटांचे तास. बुधवारी दुपारी आम्ही दोघंही रडत होतो. ते लॅमिनेशन आता पोळपाटाखाली घालते, सरकत नाही.

किती तास, याचं उत्तर हवं असेल तर कायद्यातच बघा. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे दिवसाला चार. आणि ते चार तास एका बाईंनी तीसचाळीस पोरांत वाटायचे असतात, त्यात हजेरी आली, पोषण आहार आला, रांगा आल्या. एका पोराला मांडीला मांडी लावून शिकवायचं तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दोन तास भरपूर झाले. आमचे सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, संपलं. बाकीचा दिवस तो सायकल, बांधकामावरच्या काकांशी गप्पा, चित्रं, आणि खरं सांगायचं तर थोडा मोबाइल पण. सावानाचं म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलंय, १८४० सालची संस्था आहे आणि आमच्यासाठी ती अर्धी शाळाच आहे.

पुस्तकांवर खर्च करायची गरज नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, किशोर मासिकाचे जुने अंक पण ऑनलाइन आहेत, १९७१ पासूनचे, ते वाचताना मीच हरवते. एनसीईआरटीची पुस्तकं ईपाठशालावर. इंपोर्टेड वर्कबुकं, फ्लॅशकार्डचे डबे वगैरे पहिल्या वर्षी घेऊ नका, माझ्याकडे साडेतीन हजाराचा एक डबा पडून आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

आता जे मला खरं सांगायचंय ते. दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. मुलाला खालच्या किराणा दुकानात पाठवलं, साबण आणि रव्याला. दुकानदार म्हणाले सत्तावन्न झाले. हा घरी येऊन म्हणतो, "आई, काकांनी पैसे परत दिले, का दिले माहीत नाही." हातात अठरा रुपये. याने पंचाहत्तर दिले होते, पन्नासची नोट, वीसची आणि पाचचं नाणं, बरोब्बर मोजून! सत्तावन्न ऐकलं, आधी सात आला म्हणून सात आधी लिहिला, झाले पंचाहत्तर. तो इंग्रजी मीडियमचा, फिफ्टी सेवनमध्ये पन्नास आधी येतो, आपल्याकडे एकक आधी आणि दशक मागून.

मी म्हटलं बरं, बिल सत्तावन्नचं होतं, तू पंचाहत्तर दिलेस, किती परत यायला हवे ते कागदावर कर. त्याने उभी मांडणी केली आणि उत्तर काढलं बावीस. "काकांनी चार रुपये कमी दिले!" आणि निघाला भांडायला. मी कसाबसा दारात पकडला. म्हटलं बावीस कसे आले? तर पाचातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून पाच वजा केले, दोन, आणि सातातून पाच गेले पुन्हा दोन. मोठ्यातून छोटा, प्रत्येक घरात. शाळेत हातचा शिकवला होता हो, पाठही होता, पण हातचा म्हणजे नक्की काय घडतं ते कुणी दाखवलंच नव्हतं.

मग जमिनीवर बसलो. दहाच्या सात नोटा आणि रुपयाची पाच नाणी. म्हटलं मला सत्तावन्न दे. पाच नोटा दिल्या, नाणी सात हवीत, आहेत पाच. बघत बसला. मी काही बोलले नाही, आणि हे न बोलणं मला फार अवघड गेलं, जीभ चावून बसले होते अक्षरशः. दोनेक मिनिटांनी म्हणतो, "दहाचे सुट्टे देतेस का?" दिले. एक नोट गेली, दहा नाणी आली, नाणी झाली पंधरा, त्यातून सात दिली, उरली आठ नाणी आणि एक नोट. अठरा. मग हळूच म्हणाला, "हातचा म्हणजे सुट्टे घेणं होय?"

त्या रात्री मी पहिल्यांदा वहीत प्रश्न लिहिला. एवढे दिवस मी "वजाबाकी पान १४ झालं" असं लिहायचे, त्या दिवशी लिहिलं की ही चूक याने अशीच का केली? मग शोधायला लागले तर कळलं की जगभरातली पोरं अगदी हीच चूक करतात, लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, आणि गणित शिकवण्याचा अभ्यास करणारे लोक वर्षानुवर्षं यावर काम करतायत. आणि ते आकड्यांच्या नावांचं, आठवतंय का २०१९ चं भांडण? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं आलं होतं आणि अख्खा महाराष्ट्र तुटून पडला होता, जोक काय, टीव्हीवर चर्चा काय. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. मीही तेव्हा ते जोक फॉरवर्ड केले होते. किराणा दुकानाच्या प्रकरणानंतर मात्र वाटलं की बाईंना पोरांची ही अडचण दिसली असणार, उपाय पटो न पटो. आमच्याकडे आता दोन्ही चालतं, आधी पन्नास सात म्हणायचं आणि मग सत्तावन्न.

तर सांगायचं काय की एक वही ठेवा. रोज चार ओळी, काय केलं ते कमी, कुठे अडलं ते जास्त. माझी एक मावसबहीण पेन्सिल्व्हेनियात होमस्कूल करते, तिथे वर्षाच्या शेवटी पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या कामाची फाइल इव्हॅल्युएटरला, म्हणजे तपासणाऱ्याला, दाखवायलाच लागतो, आपल्याकडे कुणी मागत नाही म्हणून आपण ठेवत नाही. ठेवा. सर्व्हेवाल्या बाईंसाठी नका ठेवू, तुमच्यासाठी ठेवा, कारण वर्षभराने ती वही वाचली की तुम्हाला कुठला कोर्स हवा ते त्यातच लिहिलेलं सापडतं.

मग कोर्स कुठला

वहीत काय दिसतंय त्याप्रमाणे. माझ्या वहीत सगळीकडे "हा असा विचार का करतो" हेच होतं, एका मैत्रिणीच्या वहीत पानोपानी वाचन, र चा घोळ. सूर्यामधला रफार, चक्रातला तिरका, ट्रकमधला टोपीखालचा आणि दऱ्यामधला तो आडवा, एकाच र ची चार रूपं, तिची मुलगी चारही वेगवेगळी अक्षरं समजून पाठ करत होती. पण वर्षभर झालं तरी अक्षरं उलटी, वाचताना ओळ सुटते, तोंडी विचारलं तर सगळं येतं. तिने मुलीची तपासणी करून घेतली, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे तिथे, आणि निघालं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे धरलेलं आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तर तिचा रस्ता स्पेशल एज्युकेशनचा.

इथे फार फसवणूक चालते म्हणून थांबून सांगते. स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करायचं तर कोर्स आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला हवा, त्यानंतर तुमचं नाव सीआरआर नावाच्या रजिस्टरमध्ये चढतं आणि नंबर मिळतो. तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं "सर्टिफाइड रेमेडियल थेरपिस्ट" वगैरे जे इन्स्टावर दिसतं त्याने नंबर मिळत नाही. स्वतःच्या पोरापुरतं शिकायचं असेल तर करा बापडे, पण पाटी लावायची असेल तर नाही. आणि स्पेशल बीएडमध्येही प्रकार असतात, कर्णबधिर, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी असे वेगवेगळे, अ‍ॅडमिशन घेताना नुसतं स्पेशल बीएड एवढंच वाचून फॉर्म भरू नका, कंसात काय लिहिलंय ते बघा. मुंबईत एसएनडीटीचा स्पेशल एज्युकेशनचा विभाग जुना आणि चांगला आहे, बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ती वाक् आणि श्रवण अक्षमतेसाठी. एमएड स्पेशल नंतर.

लहान मुलं असतील, तीन ते सहावाली, तर मास्टर्सच्या फंदात पडूच नका. इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्यांचा बालशिक्षणाचा डिप्लोमा आहे, बारावीवर, एक वर्षाचा. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं ते समजून घ्या, कुरणात शाळा नेली होती त्यांनी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी. आपल्याकडे हे सगळं असताना लोक फिनलंडच्या नावाने चालणाऱ्या वर्कशॉपला पैसे भरतात.

आता एमए एज्युकेशन आणि एमएड, हे दोन एक नाहीत! एमएडला आधी बीएड लागतं, बीएड कॉलेजात शिकवायचं असेल तर तो रस्ता. एमए एज्युकेशनला कुठलंही ग्रॅज्युएशन चालतं, माझ्यासारखं बीकॉमसुद्धा, पण ते करून शाळेत शिक्षक म्हणून लागता येत नाही. शाळेतच लागायचं असेल तर बीएड, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डीएलएड म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा डिप्लोमा, कारण सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला बीएड चालणार नाही. म्हणजे "पोर घरी शिकवेन, नंतर ते मोठं झालं की शाळेत जॉब करेन" असा प्लॅन असेल तर एमए एज्युकेशनवर पैसे आणि दोन वर्षं घालवू नका. ही चूक माझ्या ओळखीत दोघींनी केलीय.

समुपदेशनाकडे ओढा असेल तर सध्या जरा जपून. युजीसीने २०२५ मध्ये सायकॉलॉजीसारखे विषय डिस्टन्स आणि ऑनलाइनने शिकवणं थांबवायला सांगितलंय, तेव्हा "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" अशी जाहिरात दिसली की आधी नीट चौकशी करा.

पूर्ण वेळ द्यायची तयारी असेल, म्हणजे पोर मोठं झालंय किंवा घरी कुणी बघणारं आहे, तर बंगळुरूची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी आणि मुंबईचं टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, दोन्हीकडचं एमए एज्युकेशन नावाजलेलं आहे. अझीम प्रेमजीत घरच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सवलत मिळते, त्यामुळे फी बघून आधीच नाही म्हणू नका. विज्ञान-गणित शिकवण्याचंच वेड लागलं असेल तर मानखुर्दला होमी भाभा सेंटर आहे, तिथे सायन्स एज्युकेशनमध्ये पीएचडी होते, माझं ते स्वप्न आहे पण कुणाला सांगत नाही, इथे लिहिलं तेवढंच.

मी घेतलं इग्नूचं एमए एज्युकेशन. कारण साधं, घर सोडता येत नाही आणि एका पगारात चाललंय. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, अ‍ॅडमिशन जानेवारी आणि जुलै अशी दोनदा. इंग्रजी किंवा हिंदीतून आहे, मराठीतून नाही, त्याची तयारी ठेवा. मराठीतून हवं असेल तर आमच्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कोर्स आधी बघा.

फॉर्म भरायच्या आधी एक काम करा, ई-ज्ञानकोश नावाची इग्नूची साइट आहे, तिथे त्यांची सगळी पुस्तकं फुकट पडलेली आहेत. तुमच्या कोर्सचं एक पुस्तक उघडा आणि दोन आठवडे रोज अर्धा तास वाचा. झोप आली तर फॉर्म भरू नका, पैसे वाचले. मी शिकणारा आणि त्याचा विकास यावरचं पुस्तक वाचलं, मुलं विचार कशी करतात यावर काम केलेला मानसशास्त्रज्ञ पियाजे वगैरे, आणि पानापानाला समासात पोराचं नाव लिहीत गेले, तेव्हा ठरवलं.

मान्यता तपासायची ती अशी, डिस्टन्स किंवा ऑनलाइन असेल तर युजीसीच्या डीईबी म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या साइटवर त्या युनिव्हर्सिटीचं आणि त्याच कोर्सचं नाव त्या वर्षासाठी आहे का बघा, बीएड-एमएड असेल तर एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, स्पेशल असेल तर आरसीआय. एजंटने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही, स्वतः साइट उघडायची. डिस्टन्सला आता डीईबी आयडी काढायला लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा नंबर, आधारवर आणि मार्कशीटवर नाव वेगळं असेल तर तिथेच अडकता, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे महिनाभर आधीच निस्तरा. माझे अकरा दिवस गेले त्यात.

आणि अभ्यास कधी? मला विचाराल तर पहाटे. पाच ते साडेसहा, नंतर घर जागं झालं की संपलं. असाइनमेंटला ३० टक्के, परीक्षेला ७०, परीक्षा जून आणि डिसेंबरला. असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात, मी जेवणाच्या टेबलावर लिहीत असते आणि समोर तो त्याचं करत असतो, एकदा माझी खाडाखोड बघून म्हणाला, "आई, तुझं अक्षर बाई बघतील तर ओरडतील." पहिल्या सेशनला मी पाच पेपर एकदम दिले, मूर्खपणा, दोन उडाले. घरी शिकवणाऱ्याने एका वेळी दोन किंवा तीनच द्यावेत, चार वर्षं असतात, घाई कुणाला आहे.

शेवटी डिझर्टेशन म्हणजे छोटा प्रबंध असतो, त्याचा विषय मी वहीतूनच काढला, मराठी आकड्यांची नावं ऐकून मुलं काय लिहितात. गाइड सर म्हणाले विषय छान आहे पण फक्त स्वतःच्या मुलावर चालणार नाही, निदान पंधरावीस मुलं हवीत, पालकांची लेखी परवानगी घेऊन. त्यामुळे सध्या मी सोसायटीत सत्तावन्न ऐकून पंचाहत्तर लिहिणारी पोरं शोधत फिरतेय. चार सापडलीत, पाचवा एकोणपन्नास म्हटलं की एकोणसाठ लिहितो, त्याच्या आईने उद्या संध्याकाळी बोलावलंय.